विहीणबाईंचा गादीवाफा

विहीणबाईंनी आमच्या घरात पाऊल ठेवल्यावर मला पहिला प्रश्न विचारला तो माझ्या वयाचा. मी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाणी दिलं, आणि सोफ्यावर टेकायच्या आधीच त्या लेकीकडे वळून काहीतरी म्हणाल्या. सूनबाई हसली.

"आई, तुम्ही मोठ्या की ती मोठी, हे तिला आधी कळलं पाहिजे. नाहीतर तुम्हाला काय म्हणायचं ते तिला ठरवता येत नाही. मी विचारतो, तुम्ही सांगा."

'मी विचारतो' हे सूनबाईचं मराठी. ती व्हिएतनामची. मराठी शिकली माझ्या मुलाकडून, त्यामुळे तो बोलतो तसंच बोलते: मी येतो, मी जेवलो, मी दमलो. सुरुवातीला मी दुरुस्त करत असे. मग तेच कानाला गोड लागायला लागलं आणि मी सोडून दिलं.

वय काढलं तर मी मोठी निघाले. थोडीशीच, पण मोठी ती मोठी. विहीणबाईंनी मान लववली आणि मला 'ची' म्हणाल्या. त्यांच्या भाषेत ची म्हणजे थोरली बहीण. मी म्हटलं, आमच्या धारवाडात थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. त्यांनी तो शब्द तोंडात दोनतीनदा घोळवला, आवडला, आणि त्या दिवसापासून मी त्यांची अक्का झाले.

मुलगा आणि सून दोघं बेंगळुरात एकाच ऑफिसात. तिथेच त्यांचं जमलं. सुनेला दिवस गेले तेव्हा पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्यासारखाच त्यांच्याकडचाही रिवाज. पण डॉक्टरीणबाईंनी एवढ्या लांबच्या विमानप्रवासाला नको म्हटलं. मग माहेरच इकडे आणायचं ठरलं. दोघांचंही काम घरून चालत होतं, धारवाडची हवा बेंगळुरापेक्षा मोकळी, आणि माझ्या ओळखीच्या डॉक्टरीणबाई हुबळीला विद्यानगरात. नवरात्र संपता संपता मुलगा-सून आले, आणि पाठोपाठ विहीणबाई.

आमचं घर सप्तापुरात. मी शाळेत गणित आणि विज्ञान शिकवून निवृत्त झालेली, आमचे हे वकील, अजून हौसेनं कोर्टात जाणारे. घरामागे लहानशी परसबाग. ऊन भरपूर, पण माती काळी आणि चिकट. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसाळ्यात तिच्यात चप्पल अडकून राहते. एक कढीपत्ता, एक डाळिंब, थोडी शेवंती, एवढंच तिथे माझ्याच्यानं जगलं होतं.

विहीणबाई तिकडे एका मध्यम गावात पोस्टात नोकरी करत होत्या. स्वभावानं शांत, हसऱ्या, पण पहिले काही दिवस त्या घरात पाहुण्यासारख्या बसून असायच्या. काही करायला गेल्या की मी "राहू दे, राहू दे" म्हणायची, आणि मी काही विचारलं की त्या मान डोलवायच्या. आम्हा दोघींमध्ये भाषा नव्हती. सून ऑफिसच्या कामात असली की मध्ये मोबाईल धरायचा; तो इकडचं तिकडे सांगायचा, म्हणजे निदान सांगितल्यासारखं करायचा.

खरी काळजी सुनेच्या जेवणाची होती. आठवा महिना लागत आलेला, आणि ताटावर बसली की भाताची शितं मोजत बसायची. आमटी नको, भाकरी थोडी, भाजी नुसती चाखून बाजूला. मी तऱ्हेतऱ्हेचं करून पाहिलं. एक दिवस तिनं सांगून टाकलं, "आई, राग नका येऊ देऊ. मला काई खायचा आहे."

काई म्हणजे त्यांच्याकडच्या पालेभाज्या. मोहरीच्या जातीतल्या: कुणाचा देठ पांढरा आणि जाडजूड, कुणाचं पान अळूएवढं रुंद, कुणाचं करवतीसारखं कातरलेलं. तिकडे प्रत्येक जेवणात हवीच. विहीणबाई घराच्या गच्चीवर मासळीच्या रिकाम्या थर्माकोलच्या पेट्यांतून ती पिकवायच्या, आणि सून तीच खात वाढलेली. मुलानं हुबळीच्या मॉलमधून तसली एक जुडी आणली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. सोडली तर पानं आजाऱ्यासारखी मान टाकून पडली. विहीणबाईंनी ती उचलून पाहिली, परत ठेवली, आणि पहिल्यांदाच न विचारता माझ्या स्वयंपाकघरात शिरल्या. मिसळणाचा डबा उघडला, मोहरी चिमटीत घेऊन वास घेतला, मूठ भरली आणि मागच्या दारानं परसात.

मी मागोमाग. "अहो, ती फोडणीची आहे!"

त्यांनी तोवर शेवंतीच्या शेजारची जमीन टोकरायला घेतली होती.

फोडणीची मोहरी उगवते, आणि इतक्या भराभर उगवते, हे मी इतकी वर्षं स्वयंपाक करून पाहिलं नव्हतं. दोन-चार दिवसांत हिरवी पोपटी रांग दिसायला लागली. विहीणबाई सकाळी उठून आधी तिकडे जायच्या. सून खिडकीतून बघायची. आणि मग परतीचा पाऊस आला. तीन दिवस असा कोसळला की परसाचं तळं झालं. ओसरल्यावर पाहिलं तर रोपं पिवळी पडून चिखलाला चिकटलेली, मुळं कुजलेली. विहीणबाई बराच वेळ मागच्या पायरीवर उभ्या राहिल्या, मग खोलीत जाऊन पडल्या. जेवायलाही आल्या नाहीत.

सून म्हणाली, "तिला वाटतं, इथे तिच्या हाताला काही येणार नाही. ती उगाच आला, असं म्हणते."

मला वाईट वाटलं. एवढ्या लांबून, एका शब्दाची ओळख नसलेल्या घरात लेकीसाठी आलेली बाई. तिला तिचं म्हणता येईल असं आमच्या घरात काय होतं? मी ह्यांच्याशी बोलले. हे म्हणाले, "जमिनीत पाणी साठतंय ना? मग जमीनच उचलू या की. गादीवाफा करू."

मागच्या मोरीची दुरुस्ती झाली तेव्हा उरलेल्या शहाबादी फरश्या भिंतीला टेकून ठेवल्या होत्या. लांबट, चांगल्या जाड. त्या काठावर उभ्या करून चौकोन करायचा, आत भुसभुशीत माती भरायची, म्हणजे वाफा गुडघ्याइतका उंच होईल, पाणी साठणार नाही आणि कुणाला फार वाकावंही लागणार नाही. कागदावर काढून विहीणबाईंना दाखवलं. त्यांचे डोळे चमकले. त्यांनी मोबाईल ओढून घेतला, त्यात काहीतरी बोलल्या, आणि मोबाईल स्वच्छ मराठीत म्हणाला, "मला दोन पोती म्हैस पाहिजे."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. विहीणबाईंनी पुन्हा सांगितलं, सावकाश, बोटं दोन करून.

"दोन पोती म्हैस," मोबाईल म्हणाला.

सून आत ऑफिसच्या मीटिंगमध्ये, मुलगा बाहेर. हे विचारात पडले. "पोती म्हणजे संख्या चुकली असेल. पण म्हैस बरोबर आहे. धारवाडात येऊन म्हशीचं नाव काढलं, म्हणजे बाईंना समजतं बरं का."

"अहो, पण म्हैस कशाला?"

"खताला. नाहीतर सूनबाईच्या दुधाला. आधी दाखवून तर आणू."

हे एकदा मनावर घेतात तेव्हा थांबत नाहीत. आम्हा दोघींना गाडीत घातलं आणि गावाबाहेर ह्यांच्या जुन्या अशिलाच्या गोठ्यावर नेलं. गवळीअप्पा मराठी बोलणारे, मोठ्या अगत्याचे. "या की वकीलसाहेब, या वैनी." मग विहीणबाईंकडे पाहून अदबीनं विचारलं, "ह्यांना केवढ्या दुधाची बघायचीय?"

कोयत्यासारख्या शिंगांच्या काळ्याभोर म्हशी रांगेनं रवंथ करत उभ्या होत्या. विहीणबाई म्हशीकडे बघायच्या, आमच्याकडे बघायच्या. पाहुणचाराचा काही प्रकार असेल असं वाटून त्यांनी पुढच्या म्हशीच्या कपाळाला हात लावला आणि नमस्कार केला. गवळीअप्पांना त्याचं फार कौतुक वाटलं. ते लगेच म्हशीच्या आईची माहिती सांगायला लागले. शेवटी मीच सुनेला फोन लावून सगळं सांगितलं.

फोनवर इतकं हसू फुटलं की मी घाबरून म्हटलं, "अगं हळू, हळू!"

"आई, चाउ म्हणजे म्हैस. आणि चाउ म्हणजे भाताचा तूस. सूर वेगळा आहे. ती तूस मागतो. माती हलकी करायला."

मला दोन्ही चाउ अगदी एकच ऐकू आले. ज्या गावात गल्लीबोळातून तानपुरा ऐकू येतो, त्या गावात राहून सुरात इतका मार खाल्लेली मीच. फोन विहीणबाईंच्या कानाला लावला. त्यांनी ऐकलं, समोरच्या म्हशीकडे पाहिलं, आणि गवताच्या गंजीला टेकून खाली बसल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. गवळीअप्पांना कळल्यावर ते हसले, हे हसले. आल्यापासून त्या मनापासून हसलेल्या मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या.

डोळे पुसून उठल्या तो त्यांना गोठ्यामागचा उकिरडा दिसला. जुनं, मुरलेलं शेणखत, चहाच्या पुडीसारखं सुटं. त्यांनी मूठभर उचललं, चोळलं, वास घेतला आणि मला अंगठा दाखवला, म्हणजे झकास. तेव्हा म्हैस नाही तरी म्हशीचं खत घेऊनच परतलो. तूस कलघटगीच्या रस्त्यावरच्या भाताच्या गिरणीत मिळालं. लाल माती मुलानं टेम्पोतून आणवली.

फरश्या उभारायचं काम ह्यांनी स्वतःकडे घेतलं. थोडा चर खणून त्या काठावर रोवल्या, कोपरे सिमेंटनं सांधले, तळाशी विटांचे तुकडे टाकले. आम्ही दोघींनी माती, खत आणि तूस कालवून आत भरलं. वाफा काठोकाठ भरला, दिसायलाही देखणा. विहीणबाईंनी वरून पाणी दिलं, माती बसली, आणखी पाणी दिलं. हे जरा लांब उभे राहून, कमरेवर हात ठेवून बघत होते, तोच लांबट बाजूची फरशी हळूच बाहेर झुकली. अगदी सावकाश, एखादा पेंगुळलेला माणूस कलंडावा तशी. आम्ही "अगं अगं" म्हणेपर्यंत ती सपशेल आडवी झाली आणि सगळा राडा ह्यांच्या चपलांवरून वाहत गेला.

भिंतीपलीकडे शेजारच्या अक्का वाळवण घालत होत्या. कानडी घर त्यांचं, जीभ तिखट, मन लोण्याचं. त्यांनी हे सगळं पाहिलं आणि ओरडल्या, "वकीलर, केस बित्तल्री!" म्हणजे, वकीलसाहेब, तुमची केस पडली की हो!

मी म्हटलं, "ओल्या मातीचा दाब तळाशी जास्त येतो. बाहेरून आधार पाहिजे होता."

"मग आधी बोलायला काय झालं होतं?" हे चपला झटकत म्हणाले.

"आधी विचारलं कुणी?"

दुसऱ्या दिवशी जुन्या फाटकाचे लोखंडी अँगल फरश्यांच्या बाहेरून ठोकले, वरून तार आवळून बांधली, आणि वाफा पुन्हा भरला. ह्या वेळी विहीणबाईंनी ह्यांना वाफ्याच्या आसपासही फिरकू दिलं नाही.

मुलानं ऑनलाइन मागवलेलं बी तोवर येऊन पोचलं होतं. चमच्यासारख्या पानांची, पांढऱ्या देठाची एक जात, रुंद पानांची मोहरी एक, कातरलेल्या पानांची एक. विहीणबाईंनी ते राखेत मिसळून ओळीओळीनं पेरलं. कार्तिकातलं ऊन, सकाळचा गारवा आणि ती हलकी माती. रोपं बघता बघता वर आली. पण चार पानं झाली असतील, तोच पानांवर टाचणीनं टोचावीत तशी बारीक भोकं दिसू लागली. जवळ जावं तर काळे चकचकीत किडे पिसवांसारखे टुणकन उडायचे. विहीणबाईंनी कपाळाला हात लावला. तिकडेही हेच किडे, म्हणे. मी निंबोळीचं पाणी मारलं, त्यांनी राख मारली, किड्यांनी दोन्ही पचवलं.

शेवटी मी माळ्यावरची जुनी डबल बेडची मच्छरदाणी काढली. मुलानं प्लास्टिकच्या नळ्या वाकवून कमानी केल्या, त्यावर मच्छरदाणी ताणली, कडा मातीत पुरल्या. परसात पांढरीशुभ्र मच्छरदाणी, आत मंद हिरवी झाक. शेजारच्या अक्का भिंतीवरून वाकून बघायला लागल्या.

"यार मलगतार्री इल्ली?" कोण झोपतं हो इथे?

"बीगित्तीदु पल्लेरी," मी म्हटलं. विहिणीची भाजी.

तेव्हापासून आमच्या गल्लीत तिला मच्छरदाणीतली भाजी असंच नाव पडलं. पण किड्यांचा उपद्रव थांबला, आणि नवी पानं अखंड, तुकतुकीत यायला लागली.

पहिली तोडणी झाली ती विहीणबाईंनी कात्रीनं, बाहेरची पानं तेवढी घेऊन, आतला कोंब राखून. मग त्यांनी माझ्याकडे बघून गॅसकडे बोट केलं, म्हणजे आज तुम्ही बाजूला. आमचं घर शाकाहारी. त्यांनी येताना माशाच्या अर्काची बाटली आणलेली, ती मी न सांगताच बॅगेत तशीच बंद ठेवली होती. पौर्णिमा-अमावास्येला त्यांच्याकडेही शाकाहार असतो, त्यामुळे हात त्याला सरावलेला. लोखंडी कढई धुरावली, तेल, ठेचलेला भरपूर लसूण, चर्रकन भाजी, मीठ, सोया सॉसचे थेंब, आणि झालं. मी झाकण शोधेपर्यंत भाजी ताटलीत आली होती. दुसऱ्या पातेल्यात रुंद पानांचं आलं घातलेलं पातळ कालवण.

सून जेवायला बसली. पहिला घास घेतला आणि तिचं चघळणं थांबलं. आईकडे बघून एकच शब्द बोलली. मग भात संपवला, कालवण वाटीनं प्यायली, ताटलीतली उरलेली भाजी भाकरीच्या तुकड्यानं पुसून घेतली. हात धुवून आली आणि पोटावर हात फिरवत म्हणाली, "आई, मी आज खरा जेवलो."

ह्यांचं मत पडलं की भाजी अर्धी कच्ची आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी मी पूर्णच कच्ची केली. आपण मेथीची पचडी करतो तशी: कोवळी पानं बारीक चिरली, शेंगदाण्याचं कूट, हिरवी मिरची, लिंबू, वरून लसणाची फोडणी. मोहरीच्या पानांचा झणका नाकात जातो, त्यावर कूट फार छान लागतं. विहीणबाईंनी चव घेतली, उठल्या, परसात जाऊन आणखी पानं तोडून आणली आणि माझ्यापुढे ठेवली. त्यानंतर रोज एक भाजी त्यांची आणि एक माझी, असं चालू झालं. मोबाईलची गरज कमी होत गेली. "मीठ", "पुरे", "झाकण", "आणखी" हे त्यांना येऊ लागलं, आणि मला त्यांचं 'लसूण' आणि 'गप्प बस' एवढं.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी आम्ही दोघी वाफ्याच्या काठाशी पानं खुडत असताना सुनेनं खिडकीतून हाक मारली. आवाजावरूनच कळलं. हाताची माती धुवायलाही वेळ मिळाला नाही. मुलानं गाडी काढली आणि आम्ही हुबळीला निघालो. दवाखान्याच्या बाकावर दोघी शेजारी बसलो होतो. त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. दुपार कलायच्या आत नर्सनं गुंडाळलेलं गाठोडं बाहेर आणलं. मुलगी. केस भरपूर, डोळे आईचे, नाक आमच्या घरातलं. विहीणबाई रडल्या, मी रडले, आणि हे भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत राहिले.

घरी आल्यावर मात्र बाळंतपणाच्या रीतींवरून आमची जुंपणार, असं मला वाटत होतं. झालं उलटंच. मी बाळंतिणीला कोमट पाणी म्हटलं, त्या हो म्हणाल्या. त्यांनी कानाला फडकं बांधलं, मी पुढे होऊन गाठ मारली. मी म्हटलं, खाटेखाली शेगडी ठेवून शेक द्यायला हवा. त्यांनी डोळे मोठे केले आणि खुणेनं सांगितलं, आमच्याकडेही असंच, खाटेखाली निखारे! दोघी इतक्या खूश झालो की तडक डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"अजिबात नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बंद खोलीत निखारे? बाळाला धूर? दोघींना सांगते, शेगडीचं नाव काढू नका."

सून अंथरुणातून टाळ्या वाजवत होती. एकदा तिनं हळूच पचडी मागितली, तेव्हा आम्ही दोघी एकदम, एकाच दमात, दोन भाषांत "नाही!" म्हणून ओरडलो. बाळ दचकून जागं झालं.

एका गोष्टीवर मात्र विहीणबाई अडून बसल्या. दूध यायला त्यांच्याकडे एका पाल्याचं कालवण देतात; ते झुडूप असतं, आमच्या वाफ्यात नव्हतं. मोबाईलवर चित्र दाखवायच्या आणि हळहळायच्या. मी बाजारात विचारलं, रोपवाटिकेत विचारलं. त्या दरम्यान शेजारच्या अक्का बाळाला बघायला आल्या. चित्र पाहून म्हणाल्या, "इदु चक्रमुनी अल्री!" ही चक्रमुनीच की हो! "माझ्या भिंतीलगत काय लावलंय मग?"

खरंच की. रोज ज्या भिंतीवरून आम्ही बोलत होतो, तिच्याच पलीकडे. गोल, चिमुकली पानं दांडीच्या दोन्ही बाजूंना, नाण्यांसारखी. अक्का ती डाळीत घालायच्या. विहीणबाई धावतच गेल्या. भिंतीलगतच्या त्या झुडपाला त्यांनी असा हात लावला, जणू गावाकडचं माणूस भेटलं. अक्का तर हरखूनच गेल्या. दर दोन दिवसांनी पाटीभर चक्रमुनी भिंतीवरून यायची आणि पाटीत मच्छरदाणीतली भाजी भरून परत जायची. संध्याकाळी तिघी मागच्या पायरीवर पानं खुडत बसायचो. अक्का कानडीत, मी मराठीत, विहीणबाई त्यांच्या भाषेत, आणि गप्पांना काही कमी पडायचं नाही.

फाल्गुन लागला तशी दुपारची उन्हं चढली. भाजी वर धावली, देठ जून झाले, पानं कडवट. मग वाफाभर पिवळी फुलं आली. मी उपटायला गेले तर विहीणबाईंनी अडवलं. शेंगा धरू देत, बी होऊ दे. मच्छरदाणी काढली आणि मधमाश्या आल्या. त्याच आठवड्यात त्यांचं जायचं ठरलं. मुलगा-सूनही बाळाला घेऊन बेंगळुरास जाणार होते. त्यांच्याबरोबरच त्या निघाल्या.

हुबळीच्या विमानतळावर त्यांनी बाळ लेकीकडे दिलं आणि मला मिठी मारली. अशा मिठीची सवय आपल्याकडे नसते, पण मीही सोडेना. मग बाजूला होऊन, शब्द जुळवत त्या म्हणाल्या, "अक्का. पाणी. सकाळी. थोडा." लिंग लेकीसारखंच चुकलेलं.

घरी आल्यावर ते एवढं मोठं घर मला खायला उठलं. मी मागच्या दारी जाऊन पाणी दिलं.

पुढच्या कार्तिकात, शेंगांतून काढून ठेवलेलं बी मी एकटीनं पेरलं. मूठ जरा सैल सुटली. रोपं अशी दाटीवाटीनं उगवली की मातीच दिसेना. मला ते फारच भरघोस वाटलं आणि कौतुकानं विहीणबाईंना व्हिडिओवरून दाखवलं. त्या किंचाळल्याच. विरळणी करा, असं बोटांनी उपटून दाखवायला लागल्या. मला उपटवेना. एवढ्या कोवळ्या जिवाची रोपं, काय म्हणून काढायची? मी म्हटलं, उद्या करते. त्यांनी मान हलवली. आत्ता. मोबाईल फरशीच्या काठाला टेकवून ठेवायला लावला आणि तिकडे स्वतः चहाचा पेला घेऊन बसल्या. मी एक रोप उपटलं की त्या मान डोलवायच्या, चुकीचं धरलं की "ए ए ए!" करायच्या. शेजारच्या अक्का भिंतीवरून कानडीत त्यांची बाजू घेत होत्या. उन्हं माझ्या पाठीवर आली, तिकडे त्यांच्या गच्चीवरचा प्रकाश कलायला लागला, पण वाफा संपेपर्यंत त्या उठल्या नाहीत.

उपटलेल्या रोपांनी परडी भरली. मुळं खुडून, धुवून, कूट घालून मी त्यांची पचडी केली. हे कोर्टातून आले, हातपाय धुवून पानावर बसले, आणि तोंडात भाकरी असतानाच वाडगा माझ्यापुढे सरकवला.

"ही आणखी आहे का गं?"

"आहे की," मी म्हटलं, आणि वाढली.